नव्वदचे एकवीस

सही हवी ना? देतो की. पेन माझ्याच खिशात आहे, कुठे पळून चाललं नाही. बस जरा. आणि उंच्या, ते दार ओढून घे, आपण काय बाहेरचा रस्ता थंड करायला एसी लावलाय का?

काय लिहिलंय बघू. 'बॅकअप ठेवण्याची मुदत साठ दिवसांवरून वीस दिवस.' कारण, 'जागा अपुरी.' अक्षर छान आहे पोरी तुझं. आणि खाली दोन सह्या. एक सेटिंग बदलणाऱ्याची, एक बघणाऱ्याची. बघणारा मी. म्हणजे तू बटण दाबायचंस आणि मी डोळे उघडे ठेवून मागे उभं राहायचं. सोपं काम आहे, नाही? मलाही तसंच वाटायचं.

आत्ता साडेअकरा झालेत, बॅकअप दीडला सुरू होतो. वेळच वेळ आहे. एक झालेली गोष्ट सांगतो, मग तूच ठरव सही घ्यायची की नाही. हसू नका रे. ऐकीव नाही ही. ज्याच्यावर बेतलं तो सात वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत होता.

तेव्हा मी ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूमला होतो. तिसऱ्या मजल्यावर फोन घेणारे, सहा लाइनी, दिवसरात्र. तळमजल्यावर आम्ही दोघं. मी वायरिंग आणि जनरेटर बघायचो, तो बॅकअप. त्याला सगळे कुलूप म्हणायचे. का, तर घरी जाताना सर्व्हर रूमचं कुलूप तीनदा ओढून बघायचा, जिन्यापर्यंत जायचा, आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचा. मी म्हणायचो, बाबा रे, चोरानं नाही, तूच तोडशील ते एक दिवस. नाकासमोर चालणारा माणूस. कुणाचं पेन चुकून घरी गेलं तर दुसऱ्या दिवशी आठवणीनं परत आणणारा.

त्याचं काम असं. वरच्या सहा लाइनींवर जे बोललं जातं त्याचं रेकॉर्डिंग व्हायचं. वरच्या मशीनवर ते आठवडाभर टिकायचं. रोज रात्री तीनला ते खाली आमच्या साठ्यात उतरायचं, आणि आठवड्यापेक्षा जुनं काही हवं असेल तर ते फक्त कुलूपकडे. नव्वद दिवसांचं.

साठा आपल्याकडे आहे तसाच होता. तुला माहीत आहे पोरी, पण उंच्याला डीडुप्लिकेशन विचारलं की तो छताकडे बघायला लागतो, म्हणून सांगतो. वर्गात पन्नास पोरांनी एकमेकांचं बघून एकच निबंध उतरवला, तर मास्तर पन्नास वह्या कशाला जपून ठेवील? एक ठेवेल, आणि बाकीच्यांच्या नावापुढे लिहील, 'याचाही तोच'. साठा तेच करतो. आलेल्या फाइलचे तुकडे पाडतो, आत काय आहे त्यावरून प्रत्येक तुकड्याला एक लांबलचक नंबर देतो. तो नंबर आधीच साठ्यात असला तर तुकडा पुन्हा लिहीत नाही. त्या रात्रीच्या यादीत नुसता नंबर टाकतो.

आणि मुदत संपली की काय जातं? यादी जाते. तुकडा नाही जात. तुकडा पडून राहतो. मग साफसफाई चालते, ती एकेका तुकड्याला विचारते, बाबा, तुला अजून कुठल्या यादीनं धरलंय का? कुणीच नाही? मग फेका याला. पण एका जरी यादीत त्याचा नंबर असला, तर त्याला हात लावत नाही.

आता आवाजाचं एक सांगतो. लिहिलेलं जुळतं. आवाज जुळत नाही. लाइन बंद असतानाचा कोरा भाग सोडून द्या, पण माणसाचं बोलणं, कधीच नाही. तू आत्ता 'हॅलो' म्हण, पुन्हा एकदा 'हॅलो' म्हण. तुला सारखंच वाटेल, मशीनला नाही वाटणार. श्वास वेगळा, मागचा पंखा वेगळा. सात वर्षांत दोन कॉलचा एकसुद्धा तुकडा जुळलेला कुलूपनं पाहिला नव्हता.

त्याला एक भाऊ होता, धाकटा. चौदा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेले, कुलूपनं आणि वहिनींनी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. कुलूपनंच साहेबांकडे शब्द टाकून त्याला वर फोनवर लावून दिला. दिवसा परीक्षेचा अभ्यास करायचा, रात्री पाळी करायचा. गोड बोलायचा पोरगा. मला जिन्यात भेटला की म्हणायचा, "काका, झोप कुठे विकत मिळते का हो?" मी म्हणायचो, मिळाली तर मलाही आण पावशेर.

जानेवारीची बारा, रविवारची रात्र. दोन वाजून सतरा मिनिटांनी चार नंबरच्या लाइनीवर फोन आला. हेडफोन जोडलेला असला की आमच्याकडे फोन आपोआप उचलला जायचा. तसा उचलला गेला. चार मिनिटं लाइन चालू होती. रात्रीच्या पाळीला दोघंच असायचे, दुसरी मुलगी दुसऱ्या कॉलवर होती. आणि धाकटा टेबलावर डोकं टेकून गाढ झोपला होता.

फोन करणारी बाई कपडे शिवायची. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत राहायची, नवरा-बायको दोघंच. नवरा पावाच्या भट्टीवर रात्रपाळीला. सकाळी सहाला तो घरी आला तर दार सताड उघडं. ती दाराच्या आतच भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर फोन. हलवलं त्यानं. अंग गार पडलं होतं. फोनवर शेवटचा नंबर आमचा होता, चार मिनिटांचा.

तो माणूस आमच्याकडे यायला लागला. भांडला नाही हो कधी. भांडला असता तर बरं झालं असतं. रोज सकाळी भट्टीवरून सुटला की यायचा, हातावर पीठ तसंच, खालच्या बाकावर बसायचा. कुणी दिसलं की म्हणायचा, "ती काय बोलली, तेवढं ऐकवा." साहेब सांगायचे, लाइन खराब होती, कुणी बोललंच नाही. तो मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचा. शेवटी त्यानं मुख्य कार्यालयाकडे अर्ज केला. तिथून पत्र आलं, सोमवारी, दहा फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता त्या रात्रीचं रेकॉर्डिंग हजर करा.

साहेबांनी कुलूपला बोलावलं. "साठा किती भरलाय?"

"चौऱ्याण्णव टक्के."

"मग मुदत कमी कर. नव्वदचे एकवीस."

बस. धाकट्याचं नावसुद्धा काढलं नाही त्यांनी. काढायची गरजच काय? सात फेब्रुवारीपासून एकवीस दिवस मागे मोज. सतरा जानेवारी येते. बारा तारीख बाहेर. जागा नव्हती म्हणून जुनं गेलं, कागद स्वच्छ, कुणाला बोलायला जागा नाही. रेकॉर्डिंग सापडलं तर धाकटा तुरुंगात जाणार होता, नाही सापडलं तर लाइन खराब होती. कुलूपपुढे एवढंच होतं.

सात फेब्रुवारी, शुक्रवार, रात्री नऊ. मला म्हणाला, "जरा चल, सही लागेल." मी गेलो. त्यानं नव्वद खोडलं, एकवीस टाइप केलं. मी मागे उभा राहून चहा पीत होतो. कागद पुढे केला, मी सही ठोकली. मला माहीत नव्हतं, असं म्हणणार नाही मी. सगळं माहीत होतं. तो बाकावरचा माणूस मीही रोज बघत होतो. पण आपला माणूस अडकला की आपण मूग गिळून गप्प बसतो. लाज वाटते मला त्याची. आजही वाटते.

आता कुलूपचा स्वभाव. कुलूप लावलं की ओढून बघणारच. त्यानं सेटिंग बदलायच्या आधी त्या कॉलच्या तुकड्यांचे नंबर एका डायरीत उतरवून घेतले होते. नऊ तुकडे. नंतर खरोखर गेले की नाही ते तपासायला. पुसायचं ते लिहून कोण ठेवतं? पण हा ठेवणार.

याद्या शुक्रवारीच गेल्या. साफसफाई मात्र एक दिवस थांबते, चुकून काही पुसलं असलं तर परत आणता यावं म्हणून. शनिवारी रात्री एक वाजता ती चालली. साठा चौऱ्याण्णववरून तेवीस टक्क्यांवर आला. कुलूपनं डायरी उघडली, पहिला नंबर टाकला.

आहे.

दुसरा टाकला. आहे. तिसरा... नऊच्या नऊ जागेवर.

मला घरी फोन केला त्यानं. दीड वाजला होता. मी झोपेत. म्हणाला, "अरे, त्यांना अजून कुणीतरी धरलंय."

"कुणाला?"

"तुकड्यांना. एखादी यादी अजून त्यांचं नाव घेते."

मी म्हटलं, जुनी एखादी राहिली असेल कुठे, सकाळी बघू, झोप आता. तो झोपतोय? त्यानं साठ्यालाच विचारलं, हे नऊ तुकडे कुणाकुणाच्या यादीत आहेत. उत्तर आलं. कालची, शुक्रवार रात्रीची यादी, लाइन नंबर चार. गुरुवारची यादी, लाइन नंबर चार. बुधवारची... एकवीस याद्या उरल्या होत्या. एकवीसच्या एकवीस.

पोरी, कळलं का तुला? कळलंच, तोंडच उतरलं तुझं. उंच्याला सांग. त्या बाईला जाऊन सत्तावीस दिवस झाले होते. आणि रोज रात्री चार नंबरवर तिचा तोच कॉल नव्यानं उतरत होता. तसाच्या तसा, श्वासाला श्वास जुळणारा. मशीन म्हणत होतं, हा तुकडा माझ्याकडे आहे आधीच, पुन्हा लिहीत नाही.

कुलूप वर गेला. नोंदवही बघितली. शुक्रवारी रात्री दोन सतराला चार नंबरवर फोन आल्याची नोंद नाही. ड्यूटीवरच्या मुलीला विचारलं, ती म्हणाली, "नाही काका, काल चार नंबर शांतच होती." तो खाली आला. दार लावून घेतलं. शुक्रवारचं रेकॉर्डिंग लावलं, दोन वाजून सतरा मिनिटं.

आधी नुसती खरखर. मग...

"हॅलो... ॲम्ब्युलन्स ना? श्वास... घेता येत नाहीये..."

बाईचा आवाज. दमलेला.

"टाकीमागची गल्ली. दुसरा मजला. हिरवं दार..." मग बराच वेळ काही नाही. "दार... उघडून ठेवते मी."

आणि त्याच्यामागे, हळू, एकसारखं... घोरणं. धाकट्याचं. एका घरात चोवीस वर्षं ऐकलेलं घोरणं ओळखू येणार नाही? आणि शुक्रवारी धाकटा कामावर नव्हता. तीन आठवडे रजेवर होता. घरी होता.

"हॅलो? कुणी आहे ना तिकडे? ...ऐकू येतंय मला, कुणीतरी आहे."

घोरणं.

"हॅलो..."

चार मिनिटं. कुलूपनं पूर्ण ऐकलं. मग गुरुवारचं लावलं. मग बुधवारचं. सकाळपर्यंत एकवीस वेळा ऐकलं त्यानं ते.

रविवारी सकाळी माझ्या दारात उभा. डोळे तांबारलेले, शर्टाची बटणं खालीवर. मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, "हे बघ, त्या माणसाकडे जा. हात जोड आणि ऐकव त्याला. तेवढंच मागतोय तो."

"आणि धाकटा?"

मी त्याला आत घेतलं, खुर्ची ओढून दिली.

"सांग ना. धाकट्याचं काय करू? रात्री तो झोपेत हाका मारतो, बायको ऐकते. तीन आठवडे झाले, पोरगा धड झोपलेला नाही. त्याला देऊ त्यांच्या हातात?"

एका बाजूला आतड्याचं नातं, दुसऱ्या बाजूला कोण, तर बाकावर बसणारा एक परका माणूस. मी विचारलं, "मग काय करायचंय तुला?"

त्यानं सगळं योजून ठेवलं होतं. आज रात्रीची एकच यादी तिच्याशिवाय उतरायला हवी. मग मुदत एकवीसवरून एकावर आणायची. साफसफाई एक दिवस थांबते ते थांबणंही शून्य करायचं. एकच यादी उरणार, तिच्यात ती नसणार, तुकडे सुटणार. सोमवारी दहाच्या आत सगळं साफ. त्यासाठी दोन सतराच्या आधी चार नंबरची वायर काढायची, पाच मिनिटांनी परत लावायची. "पाचच मिनिटं," म्हणाला. "बाकी पाच लाइनी आहेतच की."

वायर कुठली, ते मला ठाऊक. त्याला नाही. मी सांगितलं. वरून तिसरी, निळी. आणि सेटिंग बदलायचा कागद लागणार, तर कोऱ्या कागदावर माझी सही करून दिली. सोबत ये म्हणाला, तेवढं मात्र नाही केलं. माझी छाती झाली नाही.

पुढचं त्यानंच मला सांगितलं, एकदाच.

नऊ फेब्रुवारी, रविवारची रात्र. कुलूप खाली एकटा. तळमजल्यावर मोबाइलला रेंज नसायची, त्यामुळे फोन बाजूला ठेवलेला. चार नंबरला एक हेडफोन जोडून घेतला होता त्यानं, कानाला लावला. वायर हातात धरली.

दोन वाजून दहा मिनिटं.

पंधरा.

सोळाला ओढायची, हे ठरलेलं. सोळा झाले. हात काही हलेना. म्हणाला, वाटलं, आज नाही येणार ती. आज नसेलच. बघू तरी.

सतरा.

दिवा लागला.

खरखर...

"हॅलो... ॲम्ब्युलन्स ना? श्वास... घेता येत नाहीये..."

तोच आवाज. पण आज एक वेगळं होतं. वरून आमची मुलगी उत्तर देत होती. "हो, बोला, पत्ता सांगा." आजवर कधी कुणी बोललं नव्हतं त्या कॉलमध्ये. कुलूपनं हेडफोन कानावर घट्ट दाबला.

"टाकीमागची गल्ली. दुसरा मजला. हिरवं दार..."

"हो, लिहून घेतलं. कोण आजारी आहे, बाई?"

"दार... उघडून ठेवते मी."

त्यानं वायर ओढली.

दिवा गेला. कानात काही नाही. खोलीत फक्त पंख्यांचा आवाज. घाम पुसला त्यानं, वायर खाली ठेवली, आणि सेटिंग उघडलं. एकवीसचं एक. थांबण्याचा वेळ, शून्य. बॅकअप तीनची वाट न बघता हातानंच सुरू केला. चार नंबरची लाइन उतरली. खाली अहवाल आला. नवीन लिहिलेलं, काही नाही. आधीपासून असलेले तुकडे, नऊ. पूर्ण चार मिनिटं. आणि त्यानं तर पहिल्याच मिनिटात वायर काढली होती.

तो त्या आकड्याकडे बघत बसला.

मग जिन्यात पावलं वाजली. वरची मुलगी धावत खाली आली, चपलासुद्धा नव्हत्या पायात. "काका, तुमच्या घरून फोन आहे. दोन नंबरवर. काकू रडतायत..."

दोन वाजून एकतीस मिनिटं झाली होती.

झालं होतं असं. धाकट्याला त्या रात्री तीन आठवड्यांनी झोप लागली होती. वहिनी त्याच्या उशाशी बसल्या होत्या, पोर झोपलं म्हणून त्यांना बरं वाटलं. घोरायला लागला. आणि घोरता घोरता एकदम अडकला. उठून बसला, डोळे उघडे, तोंड उघडं, श्वास काही आत जाईना. वहिनींनी फोन लावला. सतराला. त्यांचा फोन चार नंबरवर गेला. त्यांनी आपला पत्ता सांगितला, दोनदा सांगितला. मग फोन मेला. परत लावला तर लागेना. कुलूपला लावला, तर त्याला रेंज नाही. शेवटी शेजारणीला उठवून तिच्या फोनवरून लावला, तो दोन नंबरवर लागला.

वरच्या मुलीनं ऐकला तो पत्ता टाकीमागच्या गल्लीचा होता. तिनं लिहून घेतला होता, वहीत आहे. कुलूपनं ऐकला तोही तोच. वहिनी अजून शपथेवर सांगतात, मी माझ्या घराचा पत्ता सांगितला. आणि रात्री आमच्याकडे एकच गाडी असायची. ती टाकीकडे गेली होती.

नको विचारू पोरी. नाही वाचला. गाडी वळवून त्याच्या घरी पोचेपर्यंत दोन बावन्न झाले. चोवीस वर्षांचा पोरगा, कसला आजार नाही. ज्या भावाला वाचवायला एवढा खटाटोप केला, त्याचीच लाइन यानं हातानं तोडली.

सोमवारी दहा वाजता कुलूप चौकशीला हजर. घरात धाकटा तसाच. कुणी बोलावलं नव्हतं त्याला. मी सांगत होतो, आज नको रे, आजचा दिवस कुणी तुला विचारणार नाही. ऐकलं नाही. सगळं सांगितलं त्यानं, साहेबांचं, स्वतःचं. माझं नाव घेतलं नाही. मी मग माझं मीच सांगितलं, पण तीन दिवसांनी, तेवढा वेळ लागला मला. चौकशीवाल्यांनी साठा उघडला, डायरीतले नंबर टाकून बघितले. एकही तुकडा नाही. पहाटे साफसफाईनं नऊच्या नऊ उचलून फेकले होते. रात्री ज्या एका यादीत ते नंबर दिसले होते, तिच्यातही आता ते नव्हते. त्यांना कुणी धरलेलं नव्हतं.

तो भट्टीवाला माणूस बाकावर बसला होता, रोजच्यासारखा. रेकॉर्डिंग नाही, हे त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली. उठायला लागला. तेव्हा कुलूप त्याच्या शेजारी जाऊन बसला. म्हणाला, "मी सांगतो ती काय बोलली. मला पाठ आहे." आणि सांगितलं. चार मिनिटं. जिथे ती थांबली तिथे तो थांबला. घोरण्याचंही सांगितलं, कुणाचं ते सांगितलं. तो माणूस ऐकत होता. शेवटी त्यानं पिठाचा हात कुलूपच्या गुडघ्यावर ठेवला, आणि दोघं रडले. मी जिन्यात उभा होतो. माझ्यानं तिथे थांबवेना.

कुलूपनं नोकरी सोडली. साहेबांवर खटला चालला. हे झालं. पण ड्रायव्हरचं सांगायचं राहिलं, आणि त्यातलं शेवटचं मी कुणाच्या तोंडून नाही, डोळ्यांनी बघितलंय.

त्या रात्री गाडी टाकीमागे पोचली, दोन पस्तीसला. ड्रायव्हर आणि एक मदतनीस, दोघं स्ट्रेचर घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. हिरवं दार सताड उघडं. आत दिवा लागलेला. हाका मारल्या. घरात कुणी नाही. नवरा भट्टीवर होता, आणि तो दाराला कुलूप लावून गेला होता, किल्ली त्याच्या खिशात. हे नंतर कळलं. हे दोघं वैतागले, कुणीतरी मस्करी केली म्हणाले, आणि रिकामं स्ट्रेचर घेऊन उतरले. मदतनीस म्हणाला, उतरताना हात भरून आले. ड्रायव्हर म्हणाला, माझेपण. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. स्ट्रेचर मागे सरकवलं, दार लावलं. तेवढ्यात वायरलेसवर दुसरा पत्ता आला.

कुलूपच्या घरासमोर गाडी थांबली. मागचं दार उघडलं.

स्ट्रेचरचे तीन पट्टे असतात. छातीवर, कमरेवर, पायांवर. कुणीच बांधले नव्हते. माणूसच नव्हता तर बांधणार कशाला?

तिन्ही बांधलेले होते.

गादीला चिकटून नाही. वर. छातीचा पट्टा गादीपासून वीतभर वर, ताणलेला. त्याच्याखाली काही नाही. ड्रायव्हरनं हात घालून बघितलं... काही नाही. बक्कल सोडायला गेला, सुटेना. वहिनी रस्त्यात उभ्या राहून हाका मारतायत, धाकट्याला आडवं करायचंय, आणि बक्कल सुटेना. शेवटी मदतनिसानं कात्री काढली आणि तिन्ही पट्टे कापले.

सोमवारी दुपारी मी गाडीच्या शेडमध्ये गेलो. ड्रायव्हर मला घेऊन गेला, त्याला एकट्याला आत जायचं नव्हतं. कापलेले पट्टे त्यानं कोपऱ्यात फरशीवर टाकले होते. साधी कापडी पट्टी ती, हातातून सोडली की लोळते. मी पायानं दाबून बघितलं. पाय काढला. परत वर आली. तिन्ही पट्ट्या फरशीवर तशाच उभ्या होत्या, कमान धरून, कुणाच्या तरी अंगावर घातल्यासारख्या.